ब्रुकलिनचा पूल व सौ. एमिली रोब्लिंग

अमेरिकेतील न्यू यॉर्क ह्या महानगराचा नकाशा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे ठाऊक असेल की, ते नगर एका सलग भूमीवर वसलेले नाही. मूळचे शहर मॅनहॅटन नावाच्या चिंचोळ्या बेटावर, आणि त्याच्या आग्नेयेस पाण्यापलीकडे ब्रुकलिन. मध्ये जे पाणी आहे त्यास तेथील लोक ईस्ट रिव्हर, म्हणजे पूर्वेची नदी, असे म्हणतात. भूगोलाच्या काटेकोर भाषेत ती नदी नव्हे, भरती-ओहोटी खेळणारी सामुद्रधुनी होय. परंतु एकदा नाव पडले ते पडले. प्रस्तुत लेखात आपणही तिला नदीच म्हणू. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८९८ पर्यंत, ब्रुकलिन हे स्वतंत्र नगर होते. तेथून मॅनहॅटनला नोकरीधंद्यासाठी रोज हजारो माणसे जात, आणि त्यांना फेरीबोटीवाचून दुसरा मार्ग नव्हता. धुके पडले की बोटी अडत. १८६६-६७ च्या कडक हिवाळ्यात तर नदीत बर्फ दाटून लोकांचे इतके हाल झाले की, पूल झालाच पाहिजे अशी हाकाटी सर्वत्र सुरू झाली.

तथापि येथे पूल बांधणे म्हणजे आपल्याकडच्या ओढ्यावर चार कमानी टाकण्यासारखे नव्हते. ह्या नदीतून उंच डोलकाठ्यांची शेकडो जहाजे सतत ये-जा करीत. प्रवाहाच्या मध्ये खांब उभारण्याची सोय नव्हती, आणि पुलाचा मधला भाग पाण्यापासून सव्वाशे फुटांहून अधिक उंच ठेवणे भाग होते. म्हणजे दोन्ही काठांवर दोन प्रचंड मनोरे बांधून त्यांवरून तारांचे दोर सोडायचे आणि त्या दोरांना रस्ता टांगायचा, असा झुलता पूलच हवा. दोन मनोऱ्यांमधील अंतर १,५९५ फूट भरत होते. तोपर्यंत जगातील कोणत्याही झुलत्या पुलाने एवढी झेप घेतलेली नव्हती.

ह्या पुलाशी रोब्लिंग कुटुंबातील तीन व्यक्तींची नावे निगडित आहेत : सासरा, मुलगा आणि सून. सासऱ्याने पूल कल्पिला, मुलाने तो बांधला, हे सर्व ग्रंथांत सापडते. सुनेचे नाव मात्र फार दिवस तळटिपेतच राहिले, आणि अलीकडे ते वर आले तर इतके वर की, पूल तिनेच बांधला असे काही लोक सांगू लागले. दोन्ही गोष्टी न्यायाला धरून नाहीत असे मला वाटते. तिने काय केले आणि काय केले नाही हे नीट पाहिले तर तिची योग्यता कमी न होता उलट वाढते. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत परदेशस्थ बाईचे चरित्र कशासाठी, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचून मग मत बनवावे, एवढीच विनंती.

एमिली वॉरन हिचा जन्म २३ सप्टेंबर १८४३ रोजी न्यू यॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग ह्या हडसन नदीकाठच्या गावी झाला. बारा भावंडांत ती अकरावी. घर प्रतिष्ठित होते, पण श्रीमंत नव्हते, आणि वडील १८५९ मध्ये वारले. तेव्हा तिचा भार थोरल्या भावाने, जी. के. वॉरन ह्याने, उचलला. हा तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून इंजिनियर होऊन बाहेर पडलेला. त्याने बहिणीला वॉशिंग्टननजीक जॉर्जटाउन येथील जोगिणींच्या विद्यालयात घातले. पोरक्या बहिणीचे लवकर लग्न उरकून मोकळे व्हावे असा विचार करणारे भाऊ त्याही देशात त्या काळी थोडे नव्हते. वॉरनने तसे केले नाही, ही गोष्ट पुढील साऱ्या कथेच्या मुळाशी आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण ह्या पक्षांमध्ये यादवी युद्ध पेटले. वॉरन उत्तरेच्या सैन्यात सेनापतिपदास चढला. १८६४ मध्ये एमिली भावाला भेटण्यास छावणीवर गेली असता तेथील एका समारंभात तिची गाठ भावाच्याच हाताखालील एका तरुण अधिकाऱ्याशी पडली. त्याचे नाव वॉशिंग्टन रोब्लिंग. वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो की, वॉशिंग्टन हे येथे गावाचे वा अध्यक्षाचे नाव नसून ह्या तरुणाचे आहे. तोही इंजिनियर. गेटिसबर्गच्या प्रसिद्ध लढाईत मोक्याची टेकडी मोकळी पडलेली वॉरनने ओळखली, तेव्हा हा त्याच्या सोबत होता. दोघांची मने जुळली. पुढील काही महिने वॉशिंग्टनने छावणीवरून तिला पत्रांमागून पत्रे लिहिली आणि १८ जानेवारी १८६५ रोजी कोल्ड स्प्रिंग येथे त्यांचा विवाह झाला. युद्ध संपण्यास अद्याप तीन महिने होते.

एमिलीबाई ज्या घरात सून म्हणून आल्या ते घर म्हणजे एक कारखानाच होता. सासरे जॉन रोब्लिंग हे १८०६ मध्ये जर्मनीतील म्यूलहाउझेन येथे जन्मले. १८३१ मध्ये ते अमेरिकेस आले, प्रथम शेती केली, ती साधेना म्हणून पुन्हा आपल्या इंजिनियरीकडे वळले. डोंगरावरून कालव्याच्या नावा ओढण्यासाठी ताग-अंबाडीचे जाड दोर वापरीत व ते तुटून माणसे मरत. त्याऐवजी त्यांनी लोखंडी तारांचा पीळ घातलेला दोर काढला, आणि त्याचा मोठा कारखाना ट्रेंटन गावी उभारला. नायगाराच्या धबधब्याजवळ आगगाडी नेणारा झुलता पूल त्यांनी १८५५ मध्ये पुरा केला. गृहस्थ अत्यंत बुद्धिमान, पण स्वभावाने कठोर आणि हट्टी. ह्या हट्टानेच पुढे त्यांचा घात केला.

१८६७ मध्ये ब्रुकलिनच्या पुलासाठी कंपनी स्थापन होऊन जॉन रोब्लिंग तिचे मुख्य इंजिनियर झाले. त्याच वर्षी मुलगा व सून युरोपास गेली. हेतू पर्यटनाचा नव्हता. पाण्याखाली पाया घालण्याची केसन नावाची नवी पद्धत तिकडे निघाली होती, तिचा अभ्यास करणे हा होता. पती कारखाने व पूल पाहत हिंडत असता एमिलीबाई सोबत होत्या. त्यांचे एकुलते एक अपत्य, आजोबांचेच नाव धारण करणारा मुलगा, त्याच प्रवासात आजोबांच्याच जन्मगावी जन्मले.

जून १८६९ मध्ये ब्रुकलिनच्या धक्क्यावर मनोऱ्याच्या जागेची मोजणी करीत जॉन रोब्लिंग उभे होते. येणारी बोट धक्क्याच्या लाकडांवर आदळली आणि त्यांचा पाय चिरडला. बोटे कापावी लागली. जलोपचारावर त्यांची अंधश्रद्धाच म्हणावी अशी श्रद्धा होती. त्यांनी डॉक्टरांचे न ऐकता जखमेवर पाण्याची धार धरविली. धनुर्वात झाला आणि २२ जुलै १८६९ रोजी मुलाच्या घरी त्यांचे देहावसान झाले. पुलाचा अद्याप एक दगडही बसला नव्हता. बत्तीस वर्षांचा वॉशिंग्टन मुख्य इंजिनियर झाला आणि २ जानेवारी १८७० रोजी कामास प्रारंभ झाला.

आता ह्या केसनचे थोडे वर्णन करणे अवश्य आहे, कारण साऱ्या दुःखाचे मूळ तेथेच आहे. पाण्याने भरलेल्या बादलीत रिकामा पेला उपडा दाबला तर आतील हवेमुळे पाणी पेल्यात शिरत नाही. हा प्रयोग शाळेत सर्वांनीच केला असेल. केसन म्हणजे असाच एक उपडा पेला, मात्र लाकडाच्या जाड तुळयांचा, आणि १६८ फूट लांब व १०२ फूट रुंद. तो नदीच्या तळाशी बसवायचा, यंत्राने आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवायचे, आणि मजुरांनी आत उतरून तळाची माती, वाळू, धोंडे खणून काढायचे. वरून त्याच्या पाठीवर मनोऱ्याचे दगड रचीत जायचे. खाली खणावे तसतसा पेटारा वरच्या भाराने खोल खोल उतरत जातो. शेवटी पक्की भूमी लागली की तो काँक्रीटने भरून टाकायचा, आणि तोच मनोऱ्याचा पाया.

आत काम करणारे बहुतेक आयर्लंड, जर्मनी वगैरे देशांतून पोटासाठी आलेले गरीब लोक. रोजी सुमारे दोन डॉलर. आत उकाडा, चिखल आणि दिव्यांचा धूर. हवेचा दाब असा की तोंडाने शीळ वाजत नसे व माणसाचा आवाज चिरका निघे. डिसेंबर १८७० मध्ये ब्रुकलिनच्या केसनच्या लाकडी छतास आग लागली. दाबाच्या हवेत ती आतल्या आत धुमसत राहिली. वॉशिंग्टन रोब्लिंग रात्रभर आत राहून आग विझवीत होते, आणि वर आले ते कोसळले. अखेर सारा केसन पाण्याने भरूनच आग शमवावी लागली.

ब्रुकलिनच्या बाजूस साडेचव्वेचाळीस फुटांवर काम भागले. मॅनहॅटनच्या बाजूस मात्र खडक फार खोल होता. जसजसे खोल जावे तसतसा हवेचा दाब वाढत गेला, आणि बाहेर पडलेले मजूर सांधे धरून आक्रोश करू लागले. कोणास लकवा, कोणास वांत्या, कोणाचे डोळे जात. कंपनीच्या डॉक्टरांनी अशा ११० रोग्यांची नोंद केली. १८७२ च्या वसंतात तीन मृत्यू झाले. कारण आज आपणांस ठाऊक आहे. दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस हळूहळू वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. झटकन वर आला तर सोडावॉटरची बाटली उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे अंगभर होतात. फ्रान्सच्या पॉल बेर ह्या शास्त्रज्ञाने हे १८७८ मध्ये सिद्ध केले. तोपर्यंत रोगाला नाव होते, उपाय नव्हता.

साडेअठ्ठ्याहत्तर फुटांवर वॉशिंग्टन रोब्लिंग ह्यांच्यापुढे मोठा पेच पडला. खडकापर्यंत जावे तर आणखी किती माणसे मरतील ह्याची गणती नाही. न जावे तर दोन-तीनशे फूट उंचीचा दगडी मनोरा वाळूवर उभा राहणार. त्यांनी वाळूची परीक्षा केली, तिचे थर युगानुयुगे हललेले नाहीत अशी खात्री करून घेतली, आणि मे १८७२ मध्ये खणणे थांबविले. तो मनोरा आजही त्याच वाळूवर उभा आहे. पण स्वतः इंजिनियर वाचले नाहीत. मजुरांच्या बरोबरीने, किंबहुना अधिकच वेळा, ते आत उतरत असत. त्याच वर्षी रोगाने त्यांना असे गाठले की वर्षअखेरीस ते कामावर जाऊ शकेनासे झाले. दृष्टी अधू झाली, सर्वांगास वेदना. चार माणसांशी बोलणेही सहन होईना. वय अवघे पस्तीस.

त्या हिवाळ्यात, आपण जगत नाही असे समजून, त्यांनी अंथरुणावरून राहिलेल्या सर्व कामाच्या सूचना व आकृत्या लिहून काढण्याचा सपाटा लावला. पुढे हात व डोळे थकले तेव्हा ते सांगत आणि एमिलीबाई लिहून घेत. येथून त्यांच्या खऱ्या कार्याला आरंभ झाला. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते आणि पूल पुरा होण्यास अद्याप अकरा वर्षे होती.

केवळ लेखनिक व्हावयाचे तर सुवाच्य अक्षर पुरते. पण सांगितलेले समजल्यावाचून लिहिणाऱ्याच्या हातून एखादा आकडा चुकला तर? आणि साइटवरून आलेल्या प्रश्नाला रोग्याची झोपमोड न करता कोणते उत्तर देता येईल आणि कोणते देता येणार नाही, हे कोण ठरविणार? एमिलीबाईंनी हे ओळखले व त्या अभ्यासाला बसल्या. पदार्थांचे बल, ताण व दाब ह्यांची गणिते, टांगलेल्या दोराचा वक्र, तारा ओढण्याची रीत, हे सर्व विषय त्यांनी घरीच, पतीच्या खाटेशेजारी बसून आत्मसात केले. त्यांना पदवी मिळाली नाही. परीक्षा मात्र रोज होत होती.

प्रथम काही वर्षे हे कुटुंब जर्मनीत उपचारासाठी व नंतर ट्रेंटनला होते, आणि सारे काम पत्रांवर चालले होते. १८७७ च्या सुमारास ते ब्रुकलिनला नदीकाठच्या उंचवट्यावरील घरात राहावयास आले. तेथील खिडकीतून वॉशिंग्टन रोब्लिंग दुर्बिणीने पुलाकडे पाहत, ही आख्यायिका नव्हे, सत्य आहे. खिडकी ते पूल हे अर्ध्या मैलाचे अंतर मात्र एमिलीबाई चालत. सूचना घेऊन जावयाचे, काम पाहावयाचे, अडचणी ऐकावयाच्या, घरी येऊन सांगावयाच्या, आणि उत्तर घेऊन पुन्हा जावयाचे. विश्वस्त, ठेकेदार, वृत्तपत्रांचे बातमीदार, सर्वांशी त्याच बोलत. पोलादाच्या कामाची निविदा निघाली तेव्हा असे आकार हवे होते की जे कोणत्याच गिरणीत तयार होत नव्हते. कारखान्यांचे लोक विचारणा करण्यास घरी आले, तर मुख्य इंजिनियरच्या ऐवजी त्यांच्या पत्नीनेच नमुने करून त्यांच्या शंका फेडल्या. हे पाहून ते लोक चकित झाले, असे त्या वेळच्या न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रात आले होते.

आता माझे मत सांगतो. एमिलीबाई मुख्य इंजिनियर नव्हत्या. निर्णय पतीचे होते, आणि रोगाने शरीर खचले तरी त्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. शिवाय प्रत्यक्ष कामावर मार्टिन, कॉलिंगवुड, पेन इत्यादी सहायक इंजिनियरांनी निष्ठेने राबून एकेक भाग उभा केला. त्यांचे श्रेय काढून एमिलीबाईंना देणे हा त्या सहायकांवर अन्याय होईल. पण त्या निरोप्याही नव्हत्या. आपल्या घराघरांत दुकानाची चोपडी लिहिणारी, येणेकरी-देणेकरी तोंडपाठ ठेवणारी, धनी आजारी पडला तर वर्षवर्ष पेढी सांभाळणारी जी गृहिणी असते, तिला आपण काय म्हणतो? पाटीवर तिचे नाव नसते. पण ती नसती तर पाटी राहिली नसती, हे शेजारपाजारच्या सर्वांना ठाऊक असते. एमिलीबाईंची पेढी म्हणजे दीड कोटी डॉलर खर्चाचा पूल होता, एवढाच फरक.

ह्या काळात कसोटीचे प्रसंग दोन आले. पहिला तारांचा. पुलास चार दोर, आणि प्रत्येक दोरात पाच हजारांवर पोलादी तारा. झुलत्या पुलाच्या दोरांत पोलादी तार वापरण्याची ही पहिलीच वेळ. तार पुरविण्याचा ठेका देताना, ज्यांचा पुलाच्या अधिकाऱ्यांशी हितसंबंध आहे त्यांना तो देऊ नये असा ठराव विश्वस्तांपैकी एब्राम ह्यूइट ह्यांनी आणला. दिसण्यात ठराव निर्मळ. परिणाम असा झाला की रोब्लिंगांचा स्वतःचा नावाजलेला कारखाना बाद झाला आणि ठेका ब्रुकलिनच्या लॉइड हे नावाच्या तारवाल्याला गेला. हा मनुष्य लबाड निघाला. तपासनीसाने पास केलेली चांगली तारेची वेटोळी वाटेतच काढून घ्यावयाची व नापास झालेली पुलावर पाठवावयाची, असा त्याचा धंदा १८७८ मध्ये उघडकीस आला. तोवर पुष्कळ वाईट तार दोरांत गुंफली गेली होती आणि ती बाहेर काढणे अशक्य होते. मात्र वॉशिंग्टन रोब्लिंग ह्यांनी मुळातच दोर आवश्यकतेच्या सहापट बळकट योजले होते. आता ते पाचपट तरी राहतील असे गणित करून त्यांनी प्रत्येक दोरात आणखी दीडशे तारा घालविल्या, त्याही ठेकेदाराच्या खर्चाने. ती वाईट तार आजही पुलात आहे. मूळ हिशेबात सढळपणा होता म्हणून पूल तरला.

दुसरा प्रसंग १८८२ चा. पोलाद वेळेवर येईना, खर्च वाढला, काम लांबले. दहा वर्षे ज्याला कोणी पुलावर पाहिले नाही तो मुख्य इंजिनियर कसला, त्याचे डोके ठिकाणावर नाही, सर्व कारभार बायकोच करते, अशी कुजबुज वृत्तपत्रांतून सुरू झाली. ब्रुकलिनचे तरुण नगराध्यक्ष सेथ लो ह्यांनी वॉशिंग्टन रोब्लिंग ह्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एमिलीबाईंचा पाठिराखा भाऊ, सेनापती वॉरन, मरण पावला. युद्धाच्या अखेरीस त्याला अन्यायाने अधिकारावरून काढले होते आणि तो कलंक धुऊन काढण्यासाठी तो उरलेले आयुष्य झगडला. चौकशीचा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तो जाहीर झाला त्याच्या मृत्यूनंतर. भावाचे असे झालेले पाहिलेल्या बहिणीने पतीचे तसे होऊ दिले नाही. पतीची बाजू विश्वस्तांपुढे व इतर थोर लोकांपुढे नेटाने मांडण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. सप्टेंबरमध्ये मतदान झाले. ठरावाच्या बाजूने सात, विरुद्ध दहा. मुख्य इंजिनियर पदावर राहिले.

२४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर पुलावरून चालत आले. दिवसभरात दीड लाख माणसे पार झाली, पायी जाणाऱ्यास एक सेंट कर देऊन. वॉशिंग्टन रोब्लिंग समारंभास जाऊ शकले नाहीत. तेव्हा अध्यक्षच त्यांच्या घरी गेले आणि तेथील स्वागताची सर्व व्यवस्था एमिलीबाईंनी केली होती. त्याआधीच काही दिवस पुलाची चाचणी म्हणून पहिली घोडागाडी एमिलीबाईंनी पलीकडे नेली होती, विजयाचे चिन्ह म्हणून मांडीवर कोंबडा घेऊन. मजुरांनी काम थांबवून टोप्या उडविल्या. समारंभात मुख्य भाषण झाले ते तार-ठरावाचे कर्ते ह्यूइट ह्यांचे. त्यांनी मात्र मन मोकळे करून, ज्या उच्च शिक्षणापासून स्त्रीला फार काळ वंचित ठेवले गेले त्यास ती किती पात्र आहे ह्याचे हा पूल म्हणजे स्मारक आहे, अशा आशयाचा गौरव एमिलीबाईंचे नाव घेऊन केला.

ह्या ठिकाणी एक योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही. पूल खुला होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तोच, जून १८८३ मध्ये, त्याच न्यू यॉर्कच्या बंदरात अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय स्त्री उतरली. ती म्हणजे सौ. आनंदीबाई जोशी. वैद्यकी शिकण्यास आलेल्या ह्या मुलीचा जन्म १८६५ चा, म्हणजे एमिलीबाईंच्या विवाहाच्याच वर्षीचा. दोघींची भेट झाल्याचे कोठे नमूद नाही. पण ज्या शहरात नुकताच एका स्त्रीच्या विद्येचा पुलावरून जाहीर गौरव झाला होता, तेथेच आपल्या आनंदीबाईंचे पहिले पाऊल पडले, हे मला तरी विशेष वाटते.

उद्घाटनानंतर सहाच दिवसांनी, ३० मे रोजी, पुलाच्या जिन्यावर एक बाई पडली, किंकाळी ऐकून पूल कोसळतो अशी हूल उठली, आणि चेंगराचेंगरीत बारा माणसे मेली. लोकांच्या मनातील भीती घालविण्यास पुढील वर्षी, मे १८८४ मध्ये, बार्नम ह्या सर्कसवाल्याने एकवीस हत्ती पुलावरून चालवीत नेले. त्यात त्याची जाहिरात झाली आणि पुलाचीही.

पूल झाल्यावर एमिलीबाई घरात बसून राहिल्या नाहीत. ट्रेंटनला नवे घर बांधताना त्यावर देखरेख त्यांचीच. १८९६ मध्ये रशियाच्या झार निकोलसच्या राज्यारोहणास त्या मॉस्कोला गेल्या. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धातून परतलेल्या आजारी सैनिकांच्या छावणीत त्यांनी शुश्रूषेचे काम केले. आणि पंचावन्नाव्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडील बाया नातवंडे मांडीवर घेऊन बसतात त्या वयात, त्या न्यू यॉर्क विद्यापीठाच्या स्त्रियांसाठीच्या कायदेवर्गात जाऊन बसल्या. १८९९ मध्ये त्यांना प्रमाणपत्र मिळाले. त्यांच्या ज्या निबंधास पारितोषिक मिळाले त्याचा विषय, विवाहित स्त्रीला कायद्याने कोणकोणत्या बाबतींत पंगू करून ठेवले आहे, हा होता. तो लिहिण्याचा अधिकार त्यांच्याहून अधिक कोणाचा असणार? अकरा वर्षे कोट्यवधी डॉलरच्या कामाचा पत्रव्यवहार ज्यांनी सांभाळला, त्यांना त्यांच्या देशात मताचा अधिकार नव्हता, आणि त्यांच्या हयातीत तो आलाही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने तो १९२० मध्ये दिला.

२८ फेब्रुवारी १९०३ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय एकोणसाठ. जन्मगावी, कोल्ड स्प्रिंगला त्यांना पुरले. जे अंथरुणावरून उठणार नाहीत अशी सर्वांची समजूत होती ते वॉशिंग्टन रोब्लिंग मात्र त्यांच्यामागे तेवीस वर्षे जगले. उतारवयात त्यांनी तारेच्या कारखान्याचा कारभारही पाहिला, आणि २१ जुलै १९२६ रोजी एकोणनव्वदाव्या वर्षी ते वारले.

पुलांना आपल्याकडे नावे द्यावयाची ती गव्हर्नरांची. पुण्याच्या नव्या पुलाला प्रथम लॉइड साहेबांचे नाव होते, ते पुढे बदलून छत्रपती शिवाजी पूल झाले. ब्रुकलिनच्या पुलाला कोणा माणसाचे नावच नाही, गावाचे आहे. १९५१ मध्ये तेथील इंजिनियरांच्या क्लबाने मनोऱ्यावर एक धातूचा लेखपट बसविला, त्यात पती व सासरे ह्यांच्या आधी एमिलीबाईंचे नाव कोरले. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रुकलिनच्या बाजूस, अगदी पुलाच्या सावलीत, नदीकाठचे एक मैदान लोकांसाठी खुले झाले, त्यास एमिली वॉरन रोब्लिंग ह्यांचे नाव आहे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुलेमुली आता त्या शहरात नोकरीस आहेत. त्यांना सुट्टीच्या दिवशी तेथे जाता येईल. मैदानातून मान वर केली की डोक्यावर ते चार दोर दिसतात. दोन मनोऱ्यांच्या मधोमध, मोटारींच्या वाटेच्या वर, जॉन रोब्लिंग ह्यांनी पायी फिरणाऱ्यांसाठी योजलेली फळ्यांची वाट आहे, आणि त्या वाटेवरून जाण्यास आता एक सेंटही पडत नाही.